पट्टी बघतं कोण

काल संध्याकाळची तरीची होडी पुन्हा आपल्या अंगावरची पट्टी पाण्यात बुडवून गेली. आधी हेच सांगते, कारण तुम्ही असतात तर दुकानाच्या फळ्या लावून आत आल्याबरोबर आधी हेच विचारलं असतंत. जेवणाचं नंतर. माझं डोकं दुखतंय का हे त्याच्याही नंतर, तेही आठवलं तर.

मी खिडकीतून पाहिलं. दारात उभं राहायची आता मला सोय नाही. समाचाराला येणाऱ्या बायका आधीच पुरेसं बोलून घेतायत. मी तुमचं मयत अडवलं, असं गावात झालंय. बाईमाणसानं, तेही नुकतं कपाळ पुसलेल्या बाईनं, तरीवर जाऊन तिरडी थांबवावी हे खाडीच्या दोन्ही काठांवर आजवर कोणी ऐकलं नव्हतं म्हणे. नसेल ऐकलं. त्याचं मी शेवटी सांगते. आधी तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. आपली बरीच भांडणं अर्धी राहिली आणि तुम्ही नेहमीसारखे मधूनच उठून गेलात.

लोक येतात, ओट्यावर बसतात आणि तुमचे गुण सांगतात. केवढा धीराचा माणूस, सरकारला न भिणारा, गावासाठी झिजला. मी आतून ऐकते. ह्यांच्यातल्याच कितीकांनी तुम्हाला ‘पट्टीवाला’ म्हणून चिडवलं, दुकानावरून जाताना तोंड फिरवलं, मीठसुद्धा दुसरीकडून नेलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. तुम्हाला म्हैस म्हटलं म्हणून रागवू नका.

मला सगळं एकदा सुरुवातीपासून बोलू द्या. तुम्हाला माहीत आहेच, पण तुमच्यासमोर मला सुरुवातीपासून बोलायला कधी मिळालं नाही. दोन वाक्यं झाली की तुम्ही म्हणायचात, ‘अगो, मुद्द्याचं बोल,’ आणि मुद्दा मात्र तुम्हीच ठरवायचात.

आपल्या उंबऱ्यातून तरीची जागा दिसते. खाडीपलीकडच्या गावांना रत्नागिरीस यायचं, मांडवीवरून मुंबईची आगबोट धरायची, तर हीच वाट. मुंबईचे चाकरमानी उतरून गावाला जातात तेही ह्याच होडीनं. तरीचा मक्ता कचेरी देते, आणि एका होडीत किती माणसं घ्यायची ते त्या मक्त्याच्या अटींत लिहिलेलं असतं. ती अट एका फळीवर रंगवून तरीवर ठोकली होती. खाऱ्या वाऱ्यानं अक्षरं उडून गेली आणि लोक त्या फळीवर ओले पंचे वाळत घालू लागले. अट होती, फळी होती, आणि होडी काठोकाठ भरून जायची.

मोजणार कोण? होडीत बसलेली माणसं मोजायची नाहीत ही आपल्याकडची रीत. मोजली की दर्या त्यातलं एक कमी करतो. मीही लहानपणापासून तेच ऐकलं आणि वेणूला तेच सांगितलं. नारळ मोजावेत, गुरं मोजावीत, होडीतली माणसं मोजू नयेत. धोंडू तांडेल नुसता मागे वळून बघायचा आणि वल्हं घ्यायचा. कोणी कुरकुरलं तर मक्तेदाराचा माणूस काठावरून म्हणायचा, ‘एका फेरीनं काय व्हतंय?’

आणि दुसरी रीत, होडी सुटताना काठावर जो असेल त्यानं तिला खांदा द्यायचा. भरलेली होडी चिखलात बसते, चार जणांनी रेटल्याशिवाय हलत नाही. तुम्ही दुकानातून गिऱ्हाईक तसंच सोडून उठायचात. पुण्याचं काम म्हणायचात. मी हसायची, की पुण्य कमावताय आणि इकडे गूळ मुंग्या नेतायत.

वेणू आपली एकुलती. खाडीपलीकडे दिली तीसुद्धा तुमच्या हट्टानं, म्हणे लेक नजरेसमोर राहील. शिमग्याला तिच्या सासरी पालखी घरात यायची होती म्हणून ती माहेरपण आटोपून परत निघाली. त्याच दिवशी आगबोटीनं चाकरमानी उतरले होते. पेट्या, वळकट्या, माणसं. मी चुलीपाशी होते. दारातच तिच्या ओटीत नारळ घातला आणि तिला म्हटलं, ‘जपून जा गो.’ तुम्ही तिला पोचवायला तरीवर गेलात.

पुढचं मी फार सांगत नाही. होडी मध्यावर गेली, पेट्या एका अंगाला सरकल्या, होडी कलंडली. पुरुष पोहून निघाले. बायकांना नऊवारीनं पाय हलवू दिले नाहीत. वेणू दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दांड्यावर लागली, जिथं आपल्या गावाचं मसण आहे त्याच वाळूवर. तिला वेगळं न्यावं लागलं नाही.

तुम्ही रडला नाहीत. हे माझं तुमच्याशी पहिलं भांडण. मी भिंतीवर डोकं आपटत होते आणि तुम्ही ओट्यावर बसून तरीकडे बघत होतात. दिवस घातले, लोक पांगले, आणि तुम्ही दौत-टाक काढून कचेरीला अर्ज लिहायला बसलात. मला त्या अर्जाचा इतका राग आला होता की मी तो चुलीत घालणार होते. मुलगी गेली आणि हा माणूस ‘मेहेरबान साहेबांस’ लिहितोय. मला वाटायचं, ह्यांना दुःख सोसत नाही म्हणून ते कागदावर ढकलतायत. अजूनही तसंच वाटतं. पण मी माझं कुठं ढकललं ते तरी मला कुठं ठाऊक आहे.

कचेरीनं उत्तर दिलं नाही. मग दिलं, की अट घातलेली आहे, फळी ठोकलेली आहे. फळीवर पंचे वाळत होते. तुम्ही गावकऱ्यांच्या सह्या घेतल्यात. मक्तेदारानं चहा पाजला आणि त्या सह्या एकेक करून मागे आल्या. भाऊजी घरी येऊन समजावू लागले. धाकटा भाऊ असून वडिलांसारखे बोलत होते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, दादा. तुम्ही म्हणालात, ‘शहाणा असतो तर लेक तरीवर नेऊन बसवली नसती.’ ते गप्प झाले. मीही गप्प झाले, पण वेगळ्या कारणानं. ते कारण पुढे येईलच.

भाऊजींनी तेव्हा आणखी एक सुचवलं, की दावा करायचाच तर मक्तेदाराकडून भरपाई मागा. तुम्ही भाऊजी जेवत असतानाच पानावरून उठलात. त्यानंतर त्यांचं येणं-जाणं तुटलं. वकिलांना तुम्ही सांगितलंत, मला कोणाकडून काही नको. जी अट कचेरीनं स्वतः घातली, ती कचेरीनं पाळून घ्यावी, एवढा हुकूम मिळवून द्या. वकील म्हणाले, असा दावा ह्या कोर्टात कोणी आणल्याचं ऐकिवात नाही. तुम्ही म्हणालात, मग आता येईल.

आणि वर्ष तरी कुठलं निवडलंत! सगळा मुलूख कायदा मोडायला निघाला होता. पोरं मीठ उचलून तुरुंगात जात होती, आणि तुम्ही रत्नागिरीच्या कोर्टात हात जोडून उभे, की सरकारनं आपलाच कायदा पाळावा. गावातले तरुण तुम्हाला बघून हसायचे. काका, तुम्ही उलट्या होडीत बसलात, म्हणायचे. मीही हसले, खोटं कशाला बोलू. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘कायदा मोडायला धैर्य लागतं हे खरं. पण पाळायला लावायला काय लागतं, ते त्यांना अजून कळायचंय.’

कोर्टाच्या तारखेला तुम्ही पहाटेच निघायचात आणि दुकान माझ्याकडे असायचं. बायकोला तराजू धरायला शिकवलंत, हिशेब शिकवलात, ह्यावरही लोक बोलले. त्या दिवसांचं मला खरं सुख वाटायचं, आता सांगून टाकते. संध्याकाळी तुम्ही परत आलात की जेवताना सगळं कोर्ट पाटावर उभं करायचात. साहेब कसे चष्म्यावरून बघतात, कचेरीचा वकील बोलताना जानवं कसं चाचपतो, पट्टेवाला नाव कसं पुकारतो. भाताची उलथणी हातात घेऊन तुम्ही साहेब व्हायचात. वेणू गेल्यावर ह्या घरात मी पहिल्यांदा हसले ती तुमच्या त्या साहेबाला. तेव्हा मनातून थोडी लाजले होते.

पट्टीची अक्कल तुम्हाला मांडवीला सुचली. तारखेनंतर तुम्ही बंदरावर जाऊन बसला होतात आणि आगबोटीच्या अंगावरची खूण तुम्हाला दिसली. एका खलाशाला विचारलंत. तो म्हणाला, माल भरताना ही खूण पाण्याखाली गेली की भरणं बंद. घरी आलात ते चपला न काढता मला म्हणालात, ‘अगो, मोजायची गरजच नाही.’

म्हणून पुढच्या तारखेला मक्तेदारानं रीत पुढं केली तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार होतं. तो म्हणाला, साहेब, आमच्याकडे होडीतली माणसं मोजली की लोक उतरून जातात, शिव्या देतात, मी अट पाळू कशी? खरंच बोलत होता तो. साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, ‘मी वाणी आहे, साहेब. तांदळाचे दाणे मीही मोजत नाही. माप भरलं का तेवढं बघतो.’ आणि मग पट्टीचं सांगितलंत. त्या रात्रीच्या जेवणात हे वाक्य मी तीनदा ऐकलं. चौथ्यांदा मीच म्हणून दाखवलं, तेव्हा थांबलात.

पण एक गोष्ट तुम्ही उलथणी घेऊन करून दाखवली नाहीत. ती मला वकिलांनी सांगितली, पुढे एकदा जेवायला आले होते तेव्हा. त्यांना वाटलं, मला ठाऊक असणार.

तुमची उलटतपासणी चालली होती. कचेरीच्या वकिलानं विचारलं, होडी जड झाली होती हे दिसत होतं का? तुम्ही हो म्हणालात. मग थांबवली का नाहीत? तुम्ही म्हणालात, थांबवायचा अधिकार मला नव्हता. ज्यांना होता त्यांनी तिथं माणूस ठेवला नव्हता, म्हणून तर आलो आहे. इथवर सगळं ठीक होतं. मग त्यानं सहज विचारलं, होडी चिखलातून रेटली कोणी? वकील सांगत होते, की धोंडू तांडेल साक्षीला मागे बसला होता, त्यानं मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, ‘खांदा मी दिला.’

आपल्या वकिलांना वाटलं, संपला दावा.

अहो, मला ते ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही त्या संध्याकाळी भिजून घरी आलात, वेणूला शोधून दमलेले, आणि मी तुमचा सदरा धुवायला घेतला. उजव्या खांद्यावर डांबराचा डाग होता, हाताच्या पंज्याएवढा. होडीच्या बुडाचं डांबर. मी घासलेट लावून घासला, राख लावून घासला. फिका झाला, गेला नाही. तो सदरा मी पुन्हा तुमच्यासमोर काढला नाही आणि तुम्ही विचारला नाहीत. दोघांनाही कळत होतं. इतकी वर्षं एका ताटातलं खाल्लं आणि तो एक सदरा आपण मधे ठेवला.

तुम्हाला वाटायचं का, की मी ते मनात धरून आहे? कधी धरलं होतं. वर्षभर तरी धरलं होतं. तुम्ही पाठमोरे बसलात की मी त्या खांद्याकडे बघायची. मग वकिलांनी सांगितलं त्या दिवशी तुम्ही परसात नारळ सोलत होतात, आणि मी तुमच्याजवळ येऊन उभी राहिले. तुम्ही विचारलंत, काय गो? मी म्हटलं, काही नाही, आमटीत मीठ जास्त पडलंय. तेव्हा खरं म्हणजे मला म्हणायचं होतं, की भर कोर्टात जे बोललात ते मला घरात सांगायला एवढे का भ्यालात. आज म्हणते. ऐकायला तुम्ही नाही, हे बरं आहे की वाईट, मला कळत नाही.

निकाल आपल्या बाजूनं लागला. ज्यानं अट घातली त्यानं ती पाळली जाते की नाही हे पाहिलंच पाहिजे, नुसती फळी ठोकून जबाबदारी सुटत नाही, असं साहेबांनी लिहिलं. प्रत्येक होडीला पट्टी रंगवावी आणि गर्दीच्या दिवसांत तरीवर कचेरीचा माणूस उभा करावा. पट्टी कुठे काढायची तेही तुम्हीच सुचवलंत. माणसं मोजायची नाहीत ना, मग पोती मोजा. आपल्या दुकानातली तांदळाची पोती होडीत रचली, ठरलेल्या माणसांच्या वजनाची, आणि होडी जिथवर पाण्यात बसली तिथं सफेद रंगानं रेघ ओढली. पोती मोजायला दर्याची हरकत नव्हती. त्या दिवशी तुम्ही पेढे वाटलेत. मी एकही खाल्ला नाही, त्यावरून तुम्ही रुसलात. कशासाठी खायचा होता मी तो पेढा?

नव्याचे नऊ दिवससुद्धा निघाले नाहीत. पट्टी बुडाली म्हणून धोंडू माणसं उतरवू लागला, तशी मागे राहिलेल्यांची आगबोट चुकू लागली. ते मक्तेदाराला शिव्या देईनात, तुम्हाला देऊ लागले. मक्तेदारानं आपल्या दुकानाची पोती तरीवर घेणं बंद केलं. दुकान बसलं. आणि एक दिवस तुम्ही तरीवरून आलात ते नुसते पाय धूत राहिलात. मी विचारलं. तुम्ही म्हणालात, लोकांनी पट्टीवर चिखल फासला. मक्तेदाराच्या माणसांनी नाही, आपल्याच लोकांनी. ज्यांची पोरंबाळं त्याच होडीत बसतात त्यांनी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणावर दावा लावणार होतात?

कचेरीचा माणूस कधी उभा राहिलाच नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, डांबर-तेल झालं, पट्टी त्याखाली गेली. नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात आल्या तेव्हा पट्टी होती, पण हातभर वर चढलेली. तेवढ्या वर, की ती बुडेपर्यंत होडीच बुडावी. तुम्ही पुन्हा रत्नागिरीला. हुकूम मिळालाय तो बजावून द्या म्हणून दरखास्त. पुन्हा तारखा. मी तेव्हा तुम्हाला फार बोलले. म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी घालताय, आणि त्या पायी मलाही घरात पालथं घातलंय. म्हटलं, वेणू परत येणार नाही. तुम्ही म्हणालात, ‘वेणूसाठी नाही गो. त्या होडीला उद्या कोणीतरी बाप खांदा देईल. त्याला काहीतरी दिसायला नको का?’

मी भांडी आपटली.

मग छातीचं दुखणं आलं. कोर्टाचा बेलीफ मिस्त्री घेऊन आला तेव्हा तुम्हाला अंथरुणावरून उठवत नव्हतं. पुन्हा पोती रचली, जुनी पट्टी खरवडली, खरी जागा रंगवली. मी तरीवर जाऊन बघून आले आणि तुम्हाला सांगितलं, अहो, पट्टी जागेवर आली. मला वाटलं, तुमचा चेहरा उजळेल. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, ‘रंगवली. पण बघतं कोण?’ त्यानंतर बोललात, पण ते पाणी, कूस, औषध एवढंच. तुमचं शेवटचं धड वाक्य ते. बायकोसाठी ठेवायला दुसरं काही सापडलं नाही तुम्हाला.

तुम्ही गेल्यावर वकिलांचा निरोप आला. तरीवर माणूस उभा करायचं राहिलंच आहे, दरखास्त अजून जिवंत आहे, तुमच्या जागी कोणाचं तरी नाव लागायला हवं. भाऊजी म्हणाले, आता मिटवून टाका. मी वकिलांना कळवलं, माझं नाव लावा. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अगो, तू कोर्टाची पायरी चढणार? चढेन. साहेब चष्म्यावरून कसे बघतात ते मला पाठ आहे.

आता ते मयताचं.

आपलं मसण पलीकडच्या वाळूवर, त्यामुळे आपल्या गावचा प्रत्येक जण शेवटी तरीनंच जातो. आणि मयताबरोबर निघालेल्यानं मागे राहायचं नाही, मागे फिरायचं नाही, म्हणून मयताची फेरी एकच होते. तुमच्या मागे माणूस लोटला होता. पट्टीवाला म्हणणारे आले, चिखल फासणारे आले, मक्तेदारसुद्धा उपरणं डोक्याला गुंडाळून आला. तिरडी मधोमध ठेवली. पोटी मुलगा नाही म्हणून विस्तवाचं मडकं भाऊजींनी धरलं होतं. बाकीचे सगळे चढले, होडीच्या काठावर दाटीवाटीनं उभे राहिले. बायकांनी मला दारात धरून ठेवलं होतं.

मला पट्टी दिसेना. वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून दिसत नसेल. पदरानं डोळे पुसले. तरी दिसेना. धोंडूनं वल्हं हातात घेतलं नव्हतं. तो आपल्या दाराकडे, माझ्याकडेच बघत उभा होता.

मी बायकांचे हात कसे सोडवले, आठवत नाही. तरीवर पोचले तेव्हा पायांना चिखल लागला एवढं कळलं. सगळी होडी माझ्याकडे बघत होती. धोंडू म्हणाला, ‘वयनी, पट्टी गेली पान्यात. सांगून दमलो, कोन आयकत नाय.’

भाऊजी होडीतूनच म्हणाले, ‘वहिनी, घरात जा. मयत अडवू नये. एका फेरीनं काय होतंय?’

त्यांचा दोष नाही. ते दुःखातच होते. पण तेच शब्द. त्या दिवशी वेणू होडीत चढताना काठावरून जे म्हटलं गेलं असेल, तेच. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटला. मी म्हटलं, ‘भाऊजी, वेणू एकाच फेरीत गेली. कोर्टाचा हुकूम आहे. पट्टी दिसल्याशिवाय मी ह्यांना नेऊ देणार नाही.’

मक्तेदार दुसरीकडे बघत होता. मयतातून उतरायचं म्हणजे अपशकुन, आणि सगळ्यांच्या देखत पहिलं उतरायचं कोणी? मग पलीकडचा बाळू सुतार उतरला. मुलाची आगबोट चुकली म्हणून जो आपल्या दारात येऊन तुम्हाला वाट्टेल ते बोलला होता, तोच. गुडघाभर पाण्यात उतरून माझ्याकडे न बघता काठावर येऊन उभा राहिला. मग दुसरा, मग मक्तेदार, मग बाकीचे. होडी हळूहळू वर आली. आधी पाण्याखाली पांढरट काहीतरी हललं, मग रेघ निघाली, ओली, पूर्ण. तुमची पट्टी.

धोंडूनं वल्हं घेतलं. होडी चिखलात बसलेलीच होती. उतरलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाकून तिला खांदा दिला. ती सुटली तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर डांबर लागलेलं मला दिसलं. घरी गेल्यावर त्यांच्या बायकांनी घासलं असेल. ते जात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मला आत न्यायला कोणी धजलं नाही. मी तिथंच उभी राहिले. कालच्या तरीला पट्टी बुडाली, उद्याच्याही बुडेल, मला ठाऊक आहे. पण तुम्ही विचारलं होतंत ना, बघतं कोण? मी बघत होते. होडी मध्यावर गेली, जिथं वेणू गेली तिथून गेली, पट्टी बारीक सुतासारखी झाली, तरी दिसत होती. तुम्ही पलीकडे लागेपर्यंत ती पाण्यावर होती.